आजोबांचं मापटं घेऊन वर्षभराचं काम करायचंय, आखणी कशी करू?

लक्ष्मीपुरीची लेक

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, हायस्कूलला चित्रकला शिकवते. जी.डी. आर्ट होऊन जमाना झाला. तेव्हापासून हातून झालं ते सगळं शाळेचं: फलकलेखन, स्नेहसंमेलनाचा पडदा, इंटरमिजिएटला बसलेल्या पोरांची तयारी. आता माडीवरचे भाडेकरू गेले, खोली रिकामी झाली, खिडकी उत्तरेला आहे आणि घरचेही म्हणतायत, कर काय करायचं ते. तर या जूनपासून पुढच्या मेपर्यंत स्वतःचं असं एक काम करायचं ठरवलंय. गुण देणारं कुणी नाही, विषय देणारं कुणी नाही. तिथंच गाडी अडली आहे.

विषय तसा आहे. एकच वस्तू घेऊन, तीच माझी खूण मानून वर्ष काढायचं. लक्ष्मीपुरीत आजोबांचं धान्याचं दुकान होतं. ते कधीच गेलं. वाटणीत आलेल्या सामानातून मी फक्त मापटं, म्हणजे धान्य मोजायचं अर्ध्या शेराचं माप, मागून घेतलं. पितळी आहे. तोंड आणि बूड रुंद, कमरेत बारीक. काठ एका बाजूनं जास्त झिजलाय, कारण आजोबा शीग (काठावर चढलेली धान्याची रास) उतरवायला हात कायम त्याच बाजूनं फिरवायचे. आत बोट घातलं तर कमरेपर्यंत गुळगुळीत लागतं, बुडाशी खरखरीत. खाली एक ठसाही आहे, पण शिसपेन्सिलीनं घासून कागदावर उतरवायला गेलं तर नुसता गोल उठतो, अक्षर एक नाही. मोजताना आजोबा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन, असं चालायचं.

आता अडचण सांगते. मी वही घातली आणि मापट्याबद्दल सुचेल ते लिहीत गेले. न्याय, भूक, बाजार, बापाची माया, सासरी जाताना उंबऱ्यावर लवंडायचं माप (माझ्या लग्नात ऐनवेळी माप सापडेना म्हणून स्टीलचा तांब्या ठेवलेला, तांदूळ कमी सांडला आणि आवाजच जास्त झाला), १९५८ ला आलेले किलो-ग्रॅम आणि माळ्यावर गेलेली मापं. वही भरत आली. चित्र एकही नाही.

मग सुरुवात कुठून करायची? किती कामं धरायची? माध्यम आधी ठरवू की होईल तसं? आणि शेवटी बघणाऱ्याला ते मापटं आहे हे कळायलाच पाहिजे का? शाहू स्मारकच्या कलादालनात चार दिवस लावावं असंही मनात आहे, पण ते फार पुढचं झालं.

एमएच ०९

ताई, विषय हार्ड हाय. वर्ष कशाला घालवताय? सरळ इन्स्टॉलेशन करा. मोडीच्या दुकानांतनं शंभरेक मापटी गोळा करा, छताला टांगा, खाली जोंधळ्याचा ढीग, वरनं एकच पिवळा लाइट. पब्लिक फोटो काढतंय, पेपरात येतंय. काय लागलं तर गाडी घेऊन येतो.

जुना ब्रश

बाई, वरच्या गड्याचा उत्साह चांगला आहे, गाडी आणतो म्हणतोय तर नाही म्हणू नका. पण शंभर मापटी टांगलीत की तुमचं त्यातलं कुठलं हे तुम्हालाच शोधावं लागेल. तुमच्याकडे एक आहे, तीच तुमची श्रीमंती.

मी कलाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात वजनदार वाक्य कुठलं? ‘काठ एका बाजूनं जास्त झिजलाय.’ न्याय, भूक, बाजार ही वहीतली सगळी नावं कुणाच्याही मापट्याला चिकटवता येतात. हा झिजलेला काठ दुसऱ्या कुणाकडे नाही. तेव्हा ती वही कपाटात ठेवा आणि निदान दिवाळीपर्यंत उघडू नका. प्रतीक आधी अर्थ ठरवून होत नाही. वस्तू इतकी हाताळायची की ती आपल्या हातात मुरते, अर्थ मागनं आपल्या पायानं येतो.

हे माझं पदरचं नाही. जिम डाइन हा अमेरिकन चित्रकार, त्याच्या घरचं सिनसिनाटीत हार्डवेअरचं दुकान. हातोड्या, पकडी, ब्रश हीच त्याची आयुष्यभराची सामग्री झाली. तो अवजाराचं तत्त्वज्ञान रंगवत नाही, अवजार रंगवतो. पकडीची पकड दिसते, दांड्याची झीज दिसते. लुईझ बुर्ज्वा ही शिल्पकार, तिची आई जुने विणलेले पडदे दुरुस्त करायची. लेकीनं तिच्यासाठी कोळीण केली, म्हणजे जाळं करणाऱ्या कोळी किड्याची मादी, विणणारी, डागडुजी करणारी. १९९९ मधली तिची कोळीण नऊ मीटरच्या वर उंच आहे, पण त्याआधी तिनं कोळ्यांची लहान रेखाटनं केव्हाच केली होती, १९४७ मधली आहेत. आपले चित्रकार रझा, त्यांचा बिंदू घ्या. लहानपणी मन ठिकाणावर राहीना म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला लावलं. तो ठिपका चित्रात मुख्य होऊन बसायला पन्नाशी उलटावी लागली. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? आपल्या कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारानं, आबालाल रहेमानांनी, आपलं कोटीतीर्थ किती उजेडात, किती वेळा रंगवलं! तळं तेच.

आता आखणी. मापटं हेच तुमचं एकक धरा. जुनं कोष्टक आठवतं का बघा: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. प्रत्येक पुढचं माप मागच्याच्या दुप्पट. आता इंपीरियल कागद घ्या, २२ बाय ३० इंची. तो अख्खा म्हणजे पायली. मधोमध कापला की अधोली. परत कापला की शेर, ११ बाय १५. परत कापला की मापटं. परत, की चिपटं, साडेपाच बाय साडेसात. कागद पाचच घ्यायचे. एक अख्खा ठेवायचा, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे चार, चौथ्याचे आठ, पाचव्याचे सोळा. झाली एकतीस चित्रं. ‘किती कामं धरू’ याचं उत्तर तुमच्या आजोबांच्या दुकानातूनच आलं. कमी-जास्त करायला माझी हरकत नाही, पण आकडा हवेतून आलेला नसावा.

सुरुवात चिपट्यांनी. जून ते गणपती आपल्याकडे हवेत पाणी असतं, जलरंगाचा हात वाळता वाळत नाही, कागदाला बुरशी धरते. तेव्हा ओलं काम नको. पेन्सिल, कोळसा, काळी शाई. सोळा चिपट्यांत अख्खं मापटं एकदाही काढायचं नाही. एकात झिजलेला काठ, एकात कमरेची आतली सावली, एकात तो न उठणारा ठसा. तो गोल उठला ना, तोच ठेवा. न उठणं हेही ठशाचंच चित्र आहे.

मापट्याच्या आकाराची आठ सहामाही परीक्षेच्या आसपास, शाई आणि पाण्याची. रंगासाठी पाणीही मोजून घ्या, ब्रश त्यातच धुवा. आठव्या चित्रापर्यंत ते पाणी काय रंगाचं होतं ते तुम्हीच बघा. शेर आणि अधोली दिवाळीच्या सुट्टीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. पायली शेवटची, आणि ती जानेवारी-फेब्रुवारीत उरकून घ्या. मार्चात पर्यवेक्षण आणि पेपर तपासणी सोडून तुम्हाला काही सुचणार नाही, मला माहीत आहे.

ओळखू आलं पाहिजे का? चिपट्यांत कळू नये, मापट्यांत कळावं, पायलीत पुन्हा कळू नये. हे आपलं माझं मत. अख्ख्या कागदावर पितळी भांडं वस्तुचित्रासारखं मधोमध बसवलंत तर मी दालनातून उलट पावली परत जाईन.

शाडूवाला

सरांनी कागदाचं सांगितलं, मी मातीचं सांगतो. आमच्या घरात मूर्तिकाम चालतं. पोस्ट वाचली आणि वाटलं, ताई कधी ना कधी मापट्याच्या आतल्या पोकळीचा साचा काढायच्या मागं लागणार. पोकळी भरीव करायची, ही कल्पना मोहात पाडणारीच आहे. रेचल व्हाइटरीड या शिल्पकार बाईनं १९९३ ला लंडनमध्ये अख्ख्या घराची आतली पोकळी काँक्रीटमध्ये उभी केली होती. तर आधीच सांगून ठेवतो: मापट्यात थेट प्लास्टर ओतू नका. कमरेत बारीक आहे म्हणालात. भरीव गोळा वरूनही निघणार नाही आणि खालूनही नाही. त्यात प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं. मग एक तर प्लास्टर फोडा नाही तर आजोबांचं पितळ कापा.

दोन वाटा आहेत. स्वस्त वाट कागदाची. आतून तेलाचा हात द्या, खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या चार-पाच थर चिकटवा, पूर्ण वाळू द्या. मग पातळ पात्यानं उभा काप घेऊन कवच दोन फाकांत आत दुमडून काढा आणि बाहेर जोडा. सांधा दिसेल, दिसू दे. दुसरी वाट सिलिकॉन रबराची. ते रबर लवचीक, दाबून कमरेतून ओढून काढता येतं. मग त्याच्यावरून प्लास्टरचा दोन तुकड्यांचा साचा करायचा आणि त्यात पाहिजे ते ओता. आधी प्लास्टिकच्या कपावर हात बसवा. सिलिकॉन महाग पडतं.

प्लास्टर कालवताना पाणी आधी, प्लास्टर नंतर. वरून भुरभुरत जायचं, पाण्यावर बेटं दिसायला लागली की थांबायचं, जरा भिजू द्यायचं, मगच हलवायचं. उरलेलं मोरीत ओतू नका, पाइप बसेल. आणि शिकायला म्हणून कुंभार गल्लीत जायचं असेल तर गणपती होऊ द्या. त्याच्या आधी तिथं कुणाला मान वर करायला फुरसत नसते.

दूधगंगा

मी कागलकडची, सध्या पुण्यात फाइन आर्ट शिकते. सरांची पायली-चिपट्याची आखणी वाचून मलाही पाच कागद आणावेसे वाटले. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही, लेकीनं राग मानू नये.

वही कपाटात ठेवा म्हणणं ठीक, पण त्या वहीत एक पान आलेलंच नाही. मापट्याला दोन बाजू असतात. माझी आजी मापट्याच्या पलीकडे उभी असायची. सुगीत खुडणीला गेलं की मजुरी जोंधळ्यात मिळायची. दिवस मावळताना मालकाच्या सोप्यात पदर पसरून उभं राहायचं आणि तो ओतायचा. आजी सांगायची, मालक स्वतःच्या कणगीत भरताना शीग लावून मोजायचा, बायांना देताना हात फिरवून सपाट. माप तेच. आम्हा पोरांना वाढताना ती भाताचं पातेलं हलवून हलवून शीग करायची, ते तिथनं आलेलं. ‘मापात पाप’ हे आमच्या घरात म्हण म्हणून नाही, रोजचं बोलणं म्हणून होतं.

लेकीच्या आजोबांबद्दल मी काही म्हणत नाही, मी त्यांना बघितलेलं नाही. पण झिजलेला काठ म्हणजे नुसती प्रेमळ आठवण नाही. तो हात शीग उतरवत होता. उतरवलेले दाणे कुणाच्या बाजूला पडत होते? हे विचारल्याशिवाय ती खूण तुमच्या एकटीची होते, आणि मापटं कधीच एकट्याचं नसतं. घेणारा नसेल तर ते नुसतं भांडं.

जुना ब्रश

पोरी, हे मला सुचायला पाहिजे होतं अशातलं आहे. बाई काय म्हणतात बघू.

लक्ष्मीपुरीची लेक

सगळ्यांचे आभार. राग कसला मानायचा? दोन दिवस उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते.

दूधगंगा, तुझं वाचून आत्याची एक गोष्ट आठवली. ती हसत हसत सांगायची की दुकानात दोन मापटी होती, घ्यायचं वेगळं आणि द्यायचं वेगळं. आजोबा तिथंच बसलेले असायचे, तेही हसायचे. खरं की थट्टा हे आम्हा पोरांपैकी कुणी विचारलं नाही. माझ्याकडे आलंय ते यातलं कुठलं? घ्यायचं की द्यायचं? आत्या अजून आहे, मंगळवार पेठेत असते. रविवारी जाणार आहे. चहा झाल्यावर विचारीन, आधी विचारलं तर चहाच राहील.

तोवर घरात एक करून बघितलं. याच मापट्यात आधी तांदूळ भरले, मग जोंधळा, मग पोहे, आणि प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. भांडं एकच, वजन दर वेळी निराळं. पोहे तर नावालाच. मग एकच जोंधळा शिगेनं आणि सपाट असा मोजला. शीग उतरवताना माझाही हात आपोआप झिजलेल्या बाजूनंच फिरला. कुणी शिकवलेलं नाही. खाली सांडलेले दाणे वेगळ्या वाटीत ठेवलेत.

सर, तुमची आखणी धरते, पण एक बदल. सोळा चिपटी सोळा राहणार नाहीत, जोड्या होतील: आठ शिगेच्या, आठ सपाट. जोडीतली वस्तू तीच, पण बघायची जागा वेगळी. एकदा दुकानदाराच्या गादीवरून खाली, एकदा पदर पसरलेल्या बाईच्या उंचीवरून वर. गादीवरून बघितलं की मापट्याचं तोंड दिसतं, आतलं सगळं दिसतं. खालून बघितलं की नुसतं बूड आणि ठसा. घरी स्टुलावर मापटं ठेवून फरशीवर बसून काढून बघितलं, ती लंबवर्तुळं पार फिरतात. पोरांना वर्षानुवर्षं हेच शिकवतेय, डोळ्याच्या रेषेच्या वर आणि खाली.

पायलीचं अजून काही ठरवत नाही. शाडूवाले, तुमची कागदाची वाट धरते, सांध्यासकट. लग्नातला तांब्या यातून बाद. तो वेगळा विषय आहे आणि सासूबाई हे वाचतात.

जुना ब्रश

जोड्या झकास. फक्त खालच्या चित्रांत केविलवाणेपणा आणू नका. बाई दाखवायची नाही, तिची जागा दाखवायची. आणि दोन्ही चित्रांत उजेड एकाच बाजूनं ठेवा, तुमच्या उत्तरेच्या खिडकीचा. उजेड बदललात तर फरक उजेडामुळं वाटेल, जागेमुळं नाही. कलादालनाची चौकशी मात्र आत्ताच करून ठेवा, मे महिन्याच्या तारखा लोक फार आधी धरतात. लावताना शिगेची ओळ आणि सपाटची ओळ वेगळ्या भिंतींवर नको, एकाखाली एक.

शाडूवाला

वाटीतले ते दाणे टाकू नका. कागदाच्या कवचात शेवटच्या थराआधी चिकटवले तर आतून टेंगळं येतील. पण जोंधळ्याला कीड लागते. तव्यावर भाजून, थंड करून मगच वापरा.

एमएच ०९

शंभर मापटी कॅन्सल, कळलं. पण ताई, दुसरं मापटं पाहिजेच की तुम्हाला. घ्यायचं असंल नाही तर द्यायचं. आमचा एक मित्र मोडीच्या पितळेत असतोय, पोतीच्या पोती येत्यात. तुमच्याच्या जोडीचं दिसतंय का बघतो. उंची आन् कमरेचा घेर सांगा, दोरा लावून मोजतो.

लक्ष्मीपुरीची लेक

भावा, उंची आणि घेर नको. बाहेरून सारखं दिसणारं आतून सारखं असेलच असं नाही, पत्रा जाड असला किंवा बूड वर उचललेलं असलं की फसगत होते. तू शाळेवर येऊन माझ्याकडून जोंधळ्याची पुडी घेऊन जा. माझ्या मापट्यात सपाट भरेल तेवढाच दिलाय. तिथल्या मापट्यात ओत. काठाला टेकला तर दे सोडून, ते माझ्यासारखंच. खाली राहिला किंवा सांडला, तर तेच उचल, आणि मित्राला किंमत विचारताना फार आवडल्यासारखं दाखवू नकोस.